जुनी पितळी लेन्स: घेण्यापासून पहिल्या फोटोपर्यंत

जुनी पितळी लेन्स घरी आली की कुणीतरी चिंच किंवा पितांबरी घेऊन पुढे सरसावतं. त्यांना आधी थांबवा. नळीवरचा मधाच्या रंगाचा थर हा मळ नाही, लाखेचं मूळ लॅकर आहे. ते घासून काढलं की पितळ चार दिवस झळकतं आणि पहिल्याच पावसाळ्यात काळं पडतं. कोरलेली अक्षरं बोथट होतात ती वेगळीच, आणि संग्राहकाच्या लेखी अशा लेन्सची किंमत तिथेच उतरते. फोटोला तर नळीच्या चकाकीचा काडीचा उपयोग नाही. आतली काच शाबूत आहे का आणि ती मूळ क्रमाने बसली आहे का, या दोन गोष्टींचेच पैसे मोजायचे असतात.

शोधायच्या कुठे

नागपुरात पहिला दरवाजा जुन्या फोटो स्टुडिओंचा: महाल, इतवारी, सीताबर्डी. हाफ प्लेट किंवा फुल प्लेटचा (ही काचेच्या प्लेटची जुनी मापं) लाकडी कॅमेरा माळ्यावर पडलेला असतो. अनेकदा तो केरळात आलप्पुळ्याला बनलेला वागीश्वरी असतो. कॅमेरा १९४० नंतरचा असला तरी त्याच्या तोंडावरची लेन्स पन्नास वर्षं जुनी असू शकते, कारण कॅमेरा मोडला तरी फोटोग्राफर लेन्स टाकत नसत. म्हणून कॅमेऱ्याच्या वयावरून लेन्सचं वय ठरवू नका.

दुसरा दरवाजा कबाड्याचा. तो पितळ किलोवर घेतो आणि काच फोडून फेकतो, कारण काचेचं वजन त्याला नको असतं. ओळखीच्या दोन-चार कबाड्यांना सांगून ठेवा की काचेसकट नळी आली तर न उघडता बाजूला ठेव, भावापेक्षा जास्त देतो. तिसरी जागा म्हणजे जुने ब्लॉकमेकर आणि लिथो छापखाने. त्यांच्या प्रोसेस कॅमेऱ्याच्या, म्हणजे छपाईसाठी चित्रांचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या, लेन्स लांब फोकल लेन्थच्या, एफ/९-एफ/१० अशा मंद (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), पण कोपऱ्यापर्यंत लख्ख, म्हणजे रेखीव चित्र देणाऱ्या असतात. त्या दिसायला साध्या, म्हणून स्वस्तात सुटतात. शाळांच्या प्रयोगशाळेत मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेच्या स्लाइड दाखवणारा जुना प्रोजेक्टर, सापडतो, त्याबद्दल पुढे.

शोभेच्या मालापासून सावध राहा. चकचकीत नळी, ठळक अक्षरांत ‘लंडन’, सोबत लाकडी तिपाई, आणि आत एकच साधं भिंग: हा दिवाणखान्यात ठेवायचा नवा माल. खऱ्या लेन्सवरचं कोरीवकाम बारीक आणि हाताचं असतं, आणि काचेच्या कडेला बहुतेकदा पेन्सिलने अनुक्रमांक लिहिलेला असतो. नळीवरचं नाव मात्र नेहमी बनवणाऱ्याचंच असेल असं नाही, विक्रेतेही आपलं नाव कोरून घेत.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, कला-विज्ञानाची साक्ष देणारी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून पार्सल करून मोकळं होऊ नका.

बल्ब धरा, प्रतिबिंबं मोजा

लेन्स न उघडता आत काय आहे ते कळायची सोपी युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत एक उघडा बल्ब लावा, लेन्सचा एक भाग, म्हणजे सेल, त्याच्यासमोर तिरका धरा आणि काचेत दिसणारी बल्बची प्रतिबिंबं मोजा. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक ठळक प्रतिबिंब येतं. दोन काचा बाल्समने, म्हणजे पारदर्शक राळेने, चिकटवल्या असतील तर त्या सांध्याचं एक फिकं प्रतिबिंब येतं.

पेट्झवाल पोर्ट्रेट लेन्स: पुढच्या सेलमध्ये दोन ठळक, एक फिकं; मागच्यात चार ठळक. जोझेफ पेट्झवालची ही रचना १८४० ची, व्हिएन्नाच्या फॉइग्टलेंडरने ती बनवली, आणि एफ/३.६ च्या आसपासच्या वेगामुळे पोर्ट्रेटची वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आली. मध्य लख्ख, कडेला घुमणारी पार्श्वभूमी ही तिची ओळख. डार्लो, एर्मागिस, रॉस, डॅलमेयर अशा अनेकांनी ती बनवली.

रॅपिड रेक्टिलिनियर: दोन्ही सेल सारखे, प्रत्येकात दोन ठळक आणि एक फिकं. लंडनचा डॅलमेयर आणि म्युनिकचा स्टाइनहाइल दोघांनी १८६६ साली स्वतंत्रपणे काढलेली. एफ/८, सरळ रेषा सरळ ठेवणारी. सुरुवात हिनेच करा. ती मुबलक आहे, स्वस्त आहे आणि बिघडण्यासारखं तिच्यात फार काही नाही.

फक्त मागच्या टोकाला एकच सेल आणि पुढे लहान भोक असेल तर ती लँडस्केप लेन्स: एफ/१४-एफ/१६, फुटाळा तलावाच्या पाण्यासाठी उत्तम, माणसांसाठी मंद. प्रत्येक सेलमध्ये दोन ठळक आणि दोन फिकी दिसली तर ती डॅगोर जातीची (ग्योर्त्स, १८९२). पुढे चार ठळक, मागे दोन ठळक व एक फिकं म्हणजे टेसार जातीची (झाइस, १९०२).

आता मॅजिक लँटर्न. त्याची लेन्सही पेट्झवालच असते, पण तिला भोक लहान-मोठं करणारा डायफ्राम नसतो आणि नळीला खाचही नसते. जॉन वॉटरहाउसने सुटे स्टॉप, म्हणजे ठरावीक भोकाच्या पट्ट्या, घालायची खाच १८५८ मध्ये आणली. त्यामुळे खाच नसलेली पेट्झवाल एकतर त्याआधीची दुर्मीळ कॅमेरा लेन्स असते किंवा, शंभरात नव्व्याण्णव वेळा, प्रोजेक्टरची. विकणारा पहिली गोष्ट सांगतो, तुम्ही दुसरीचे पैसे द्या. फोटो तिने सुरेख येतात, फक्त नेहमी पूर्ण उघड्या भोकावर.

एफ नंबर वाचतानाही गफलत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काही लेन्सवर यू.एस. (युनिफॉर्म सिस्टिम) पद्धतीचे आकडे असतात. त्यात ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, १६ म्हणजे १६च, ३२ म्हणजे एफ/२२. रॅपिड रेक्टिलिनियरवर सुरुवातीचा आकडा ४ दिसला तर ती एफ/४ ची वेगवान लेन्स नव्हे.

हातात घेतल्यावर

टॉर्च मागून तिरपा मारा आणि पुढून बघा. बारीक ओरखडे आणि दोन-चार बुडबुडे सोडून द्या. बुडबुडे त्या काळच्या चांगल्या काचेतही असत. कडेचा टवका उडाला असेल तर तेवढ्याच भागावर शाईने काळा ठिपका द्या, नाहीतर तिथून उजेड विखुरतो. बाल्सम सुटायला लागला की कडेला इंद्रधनुषी कडी किंवा पांढरट नक्षी दिसते. ती कडेपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर फोटोत काही दिसत नाही. मध्यापर्यंत पोचली असेल तर भाव अर्धा करून मागा.

बुरशी जाळ्यासारखी दिसते. ती पुसता येते, पण तिने काच खाल्ली असेल तर खूण राहते. सगळ्यात वाईट म्हणजे मध्यभागी धुरकट, घासून घासून मेलेली काच. तिला इलाज नाही.

फ्लँज, म्हणजे बोर्डावर बसणारी आट्यांची चकती, सोबत आहे का ते विचारा. बहुतेकदा नसते. स्टॉपही हरवलेले असतात. दोन्ही बनवता येतात, म्हणून त्यावरून सौदा मोडू नका, पण किंमत पाडायला तो मुद्दा बरा.

उघडणं आणि साफ करणं

अडकलेला सेल पक्कडीने किंवा व्हाइसमध्ये धरून फिरवणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. पातळ पितळी नळी दाबली की तिचं तोंड किंचित लंबगोल होतं आणि आटे आणखी घट्ट अडकतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, सेलभोवती गुंडाळा, म्हणजे जोर चहूबाजूंनी सारखा बसतो. दाबू नका, नुसतं फिरवा. नाही सुटलं तर आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलात थोडं रॉकेल मिसळून एक थेंब सोडा, काचेची बाजू वर ठेवा आणि रात्रभर थांबा. हीट गन वापरू नका: पितळ सुटायच्या आधी बाल्सम मऊ होतो.

पेट्झवालचा मागचा सेल उघडण्याआधी प्रत्येक काचेच्या कडेवर मऊ पेन्सिलने पुढच्या दिशेला टोक असलेला बाण काढा. आत दोन सुट्या काचा आणि मध्ये एक कडी असते. एक काच उलटी बसली किंवा कडी राहून गेली की मधला भागही कधीच लख्ख येत नाही. बाजारात ‘सॉफ्ट फोकस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेट्झवाल फक्त चुकीच्या जोडलेल्या असतात. खरेदीनंतर मध्य धूसर दिसला तर आधी हाच संशय घ्या आणि मागच्या काचा वेगवेगळ्या बाजूंनी बसवून बघा. चिकटवलेल्या जोडीच्या सेलची कड आत वळवून पक्की केलेली असेल तर मात्र ती उचकटायची नाही, जागच्या जागी साफ करायची.

काचेसाठी आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब, धुतलेलं मलमल, मध्यापासून बाहेर. चिकट तेल राहिलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीवर, ओलसर इतकंच. हे अल्कोहोल पितळाला लागू देऊ नका, कारण लाखेचं लॅकर त्यात विरघळतं. कडेला बोटभर पट्टा पांढरा पडलेला दिसला तर कुणीतरी हेच केलेलं असतं. बुरशीला तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सम प्रमाणात, ताजं मिसळून, खिडकी उघडी ठेवून. मिनिटभर लावा, डिस्टिल्ड पाण्याने पुसा. हे फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर, सांध्यात झिरपू न देता.

नळीला ओलसर फडकं पुरे. आट्यांतला हिरवा कळंक तेलात बुडवलेल्या टूथपिकने काढा, मग रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात.

बाल्सम नव्याने भरायचं काम जमलं तर जाणकाराकडे द्या. गार पाण्यात कापडावर काच ठेवून मंद आचेवर तापवायची, सरकू लागली की वेगळी करायची, हे लिहायला सोपं आहे. पण पाणी झटक्याने तापलं किंवा निवलं की काच तडकते, आणि परत चिकटवताना दोन काचांचे मध्य जुळले नाहीत तर लेन्स कायमची बिघडते.

फोकल लेन्थ आणि स्टॉप

नळीवर फोकल लेन्थ क्वचितच लिहिलेली असते. कॅमेऱ्यावर दूरच्या वस्तूवर, शे-दोनशे मीटरवरच्या टाकीवर म्हणा, फोकस करा आणि बेडवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या खालच्या फळीवर, खूण करा. मग समोर एक पट्टी धरा आणि ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या धुरकट काचेवर, तिचा सेंटिमीटर नेमका एक सेंटिमीटर दिसेपर्यंत बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा भाता, लांबवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे फोकल लेन्थ. लेन्सच्या आत नेमकं कुठून मोजायचं हा वादच उरत नाही.

प्लेटच्या कर्णाएवढी फोकल लेन्थ म्हणजे साधारण नजर. क्वार्टर प्लेटचा कर्ण १३६ मिमी, हाफ प्लेटचा २०४, फुल प्लेटचा २७२. पेट्झवालचा लख्ख भाग लहान असतो. हाफ प्लेटवर २२० मिमीची लेन्स कडा घुमवते आणि कोपरे गडद करते, ३०० मिमीची लेन्स शांत चित्र देते. काय हवं ते आधी ठरवा.

एफ नंबर काढायला लेन्स हातभर लांब धरून पुढून बघा आणि दिसणाऱ्या भोकाचा व्यास पट्टीने मोजा. प्रत्यक्ष भोक नव्हे, पुढच्या काचेतून दिसणारं. फोकल लेन्थ भागिले तो व्यास. २२० मिमीच्या लेन्सचं पूर्ण भोक ५६ मिमी दिसलं तर एफ/३.९.

वॉटरहाउस स्टॉप घरी बनवताना हाच फरक लक्षात ठेवायचा. खाचेत पुठ्ठ्याचा ३० मिमी भोकाचा स्टॉप घाला आणि पुढून मोजा. ३३ दिसला तर गुणक १.१. मग २२० मिमीसाठी प्रत्यक्ष भोकं अशी: एफ/५.६ ला ३५.७ मिमी, एफ/८ ला २५, एफ/११ ला १८.२, एफ/१६ ला १२.५. अर्धा मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा टिकाऊ. पण आधी काळ्या कार्डशीटचे बनवून चालवून बघा. भोकाची कड काळी हवी, आणि स्टॉप घातल्यावर खाचेवर काळं इलॅस्टिक, नाहीतर उजेड शिरतो.

फ्लँज आणि बोर्ड

हिंगणा एमआयडीसीतल्या लहान लेथ वर्कशॉपमध्ये फ्लँज सहज होतो. तिथे लेन्स घेऊन जाताना दोन्ही सेल काढून घरी ठेवा, रिकामी नळीच द्या. आटे बहुधा इंची मापाचे असतात. अर्ध्या इंचात किती आटे बसतात ते मोजा आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी घ्या, नळी लंबगोल झाली असेल तर इथेच कळतं. लेथवाला मेट्रिक आटे पाडून ‘बसवतो’ म्हणाला तर नको म्हणा. चार-पाच मिमी जाडीची चकती, तीन खोलगट स्क्रूभोकं, दीड-दोन फेरे बसतील इतके आटे, थोडे सैलच. अॅल्युमिनियमही चालतं, आट्यांना मेण लावा.

बोर्डाला सहा मिमी प्लाय पुरतं. मोठी पेट्झवाल दीड-दोन किलोची असते आणि कॅमेऱ्याचं तोंड वाकतं; नळीखाली लाकडी टेकू द्या. बोर्डाची मागची बाजू मॅट काळी.

फोटो

या लेन्सना शटर नसतं, आणि नागपूरच्या उन्हात अडचण उजेड कमी पडण्याची नाही, जास्त होण्याची आहे. शटरऐवजी लेन्सची टोपी वापरायची, आणि ती काढून लावायला किमान एक सेकंद लागतो. फिल्मऐवजी फोटोपेपर वापरला तर त्याचा वेग सुमारे आयएसओ ६ धरा. बाहेरच्या मोकळ्या सावलीत पेपरवर एफ/४ ला १/१५ सेकंद येतो, टोपीने ते अशक्य. पण आत सरकून खोल पडवीत, जिथे उजेड चार पायऱ्या (प्रत्येक पायरीला निम्मा) कमी आहे, तिथे एफ/४ ला बरोबर एक सेकंद. म्हणजे पेपर आणि टोपी असेल तर पडवी. बाहेरच काढायचा असेल तर एफ/१६ चा स्टॉप. जुनं थॉर्नटन-पिकार्डचं गुंडाळी पडद्याचं शटर मिळालं तर ते लेन्सच्या तोंडावर बसतं आणि हा प्रश्न सुटतो.

स्वस्त फिल्म हवी तर एक्स-रे फिल्म. धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे चौकशी करताना ‘ग्रीन सेन्सिटिव्ह, ओली प्रोसेस होणारी’ असं स्पष्ट सांगा. हल्लीची डिजिटल प्रिंटरची कोरडी फिल्म कॅमेऱ्यात चालत नाही. ८×१० इंचाच्या शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. दिवसा आयएसओ ५० धरा. तिला लाल रंग दिसत नाही: कुंकू काळं येतं, लाल साडी काळी येते, चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उठून दिसतो. पुरणाच्या रंगाची, पिवळट-हलकी साडी बरी. जुना होल्डर काचेच्या प्लेटचा असेल तर फिल्म तितक्याच जाडीच्या काचेवर दुहेरी टेपने चिकटवा, नाहीतर ग्राउंड ग्लासवरचं फोकस आणि फिल्मवरचं फोकस वेगळं पडतं.

माणूस दोन मीटरवर बसवा, पाठ टेकलेली खुर्ची द्या. २२० मिमीला एफ/४ वर जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरची खोली लख्ख येते: डोळे धरले तर कान सुटतात. जवळच्या डोळ्याच्या पापणीवर भिंगाने फोकस करा, प्लेट घालताना माणूस मागेपुढे झाला तर पुन्हा करा. बेलोज लांबल्यामुळे उजेड पाव हिश्श्याने वाढवावा लागतो. घुमणारी पार्श्वभूमी हवी तर मागे पाच-आठ मीटरवर पानांतून ऊन झिरपणारी झाडी शोधा. महाराजबागेत ती भरपूर आहे. कोऱ्या भिंतीसमोर पेट्झवाल काहीच घुमवत नाही. काचेवर कोटिंग नसल्याने प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्के उजेड परततो, म्हणून आकाश फ्रेमबाहेर असलं तरी काळ्या कागदाचं हूड लावाच.

मिररलेस कॅमेऱ्यावर बेलोज लावून लेन्स चालवता येते, पण सेन्सर लहान, म्हणून २२० मिमीचा फक्त लख्ख मध्य मिळतो आणि ‘काहीच खास नाही’ असं वाटतं. तिथे प्रोजेक्टरच्या ७५-१०० मिमीच्या पेट्झवाल शोधा.

एक्स-रे फिल्म लाल दिव्यात, ट्रेच्या तळाशी काच ठेवून धुवा. इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, दोन्ही बाजूंना असतं आणि खरबरीत प्लास्टिकवर ते ओरखडतं. रोडिनाल डेव्हलपर १:१००, २० अंशांना सहा-सात मिनिटं, अर्धा मिनिट साधं पाणी, फिक्सर पाच मिनिटं. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर असतं. मोठ्या ट्रेमध्ये बर्फ टाकून त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवा. २४ अंशांच्या खाली येत नसेल तर वेळ एक तृतीयांशाने कमी करा.

कूलर आणि पावसाळा

बुरशीसाठी लोक जुलै-ऑगस्टला घाबरतात. नागपुरात मात्र मार्चपासूनच कूलर सुरू होतो आणि बाहेर हवा कोरडी ठणठणीत असताना खोलीत ओल भरते. कूलरच्या झोताच्या खोलीत लेन्स उघड्या कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत हायग्रोमीटर आणि सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरा. मूळ चामडी पेटी वेगळी ठेवा, चामडं ओल धरतं आणि पितळावर कळंक आणतं. लाकडी कॅमेरा मात्र या डब्यात नको; उन्हाळ्यातल्या अतिकोरड्या हवेत त्याचे सांधे उघडतात, त्याला कूलरच्या खोलीचा कोपराच मानवतो. आणि मे महिन्यात लेन्स बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका: आतलं तापमान बाल्सम मऊ करण्याइतकं चढतं, आणि जोडीतली काच एकदा सरकली की ती आपोआप जागेवर येत नाही.